उणे तीस, नारांतूल बाजार

डुल्माच्या दुकानात शिरलो तेव्हा
माझ्याजवळ फक्त नाव होतं: गान्सुख, पोलादी कुऱ्हाड.
ती म्हणाली, कुऱ्हाड दाराबाहेर ठेव.
इथे सगळं तांदळाएवढं असतं.

आधी हातमोजे काढायचे.
मग हीटरच्या उघड्या पाइपाला हात लावायचा,
मगच रॅमला.
या कोरड्या थंडीत लोकरीतून, केसांतून
अंगभर वीज साठते.
आपल्याला चटका, चिपला मरण.
"हे ग्राउंड. देवाआधी याला शिवायचं."

पहिला आठवडा रेझिस्टर.
तपकिरी, काळा, लाल: एक हजार ओहम.
पिवळा, जांभळा, लाल: चार हजार सातशे.
शेवटच्या बसमध्ये मी पुटपुटत राहायचो
आणि समोरची बाई आपला पट्ट्यापट्ट्यांचा मफलर
कोटात खोचून घ्यायची.

कपॅसिटर ती शिकवत नाही, अंगठा दाखवते.
त्यावर पांढरा डाग आहे,
प्लग काढून ठेवलेल्या एका पॉवर सप्लायचा.
"बंद केलं म्हणजे संपलं, असं नसतं."
डायोडचं विचारलं
तर नवऱ्याचं सांगितलं: सोलला गेला.
मी समजायचं ते समजलो.

फेब्रुवारीत एक मेंढपाळ आला,
मोटारसायकलवर, मेंढीच्या कातड्यात
कॉम्प्युटर बांधून, लेकरासारखा.
पंखा फिरत होता, स्क्रीन काळी,
आतून तीन शिट्ट्या, पुन्हा तीन.
"मेमरी गेली," मी म्हणालो. फार ऐटीत.
त्याचं तोंड उतरलं.
"मग शर्यतीचे फोटो? तांबड्या घोड्याचे?"

डुल्माने माझ्याकडे पाहिलं,
दाराबाहेर ठेवलेल्या कुऱ्हाडीकडे पाहावं तसं.
त्याला खारट चहा दिला.
म्हणाली, ही पट्टी म्हणजे शाळेतली पाटी,
वीज गेली की कोरी.
तुमचा घोडा खाली आहे, या डब्यात, हार्ड डिस्कवर.
तिथे त्याला कुणी पुसलेलं नाही.

रॅम काढली. तिचे सोनेरी दात
खोडरबराने घासले.
मी फुंकर मारायला वाकलो,
तिने कॉलर धरून मागे ओढलं: ओल जाते आत.
ब्रशने झटकलं. खाचेत दाबलं. टक्.

एकच शिट्टी.
बराच वेळ काही नाही.
मग धूळ, मग मुलगा, मग घोडा, जरा हललेला.

मेंढपाळाने काचेवर बोट टेकवलं.
"बघा," तो आम्हा दोघांना म्हणाला,
"तिसरा आला होता."