रकाना क्रमांक सात

तहसीलमधून आलेला फॉर्म मुळात कोकणासाठी केलेला.
त्यातली 'भरतीरेषा' खोडून कुणीतरी 'पूररेषा' केली,
पण सातवा रकाना तसाच राहून गेला:
समुद्रकिनाऱ्यापासून अंतर, किलोमीटरमध्ये.
रिकामा ठेवला तर मोबाइल 'जमा करा' म्हणू देत नाही.

राहू दे. आधी बाकीचे.

आरोग्य उपकेंद्र: वैनगंगेपासून दोनशे दहा पावले,
जोते दोन फूट, लसींचा फ्रीज खालीच.
ट्रान्सफॉर्मर: बोडीच्या पाळीवर, बरा आहे,
फ्यूजची पेटी मात्र बैलाच्या पाठीइतकी.
रेशन दुकान: मागच्या पुराची ओल
भिंतीवर अजून छातीपर्यंत,
चुना मारला तरी वर येते.
टाकी. टॉवर.
प्रत्येक ठिकाणी मी आभाळ मोकळे दिसेल अशी उभी राहते,
उपग्रहाला सापडेपर्यंत.

शाळा: निवारा, क्षमता दोनशे.
गुरुजी राहतात पवनीला.
किल्ली पुस्तकलाबाईच्या कनवटीला,
ती खिचडी शिजवते.
धरणाचे दरवाजे उघडले की भोंगा वाजतो,
वारा उलटा असला तर टोलीत ऐकू जात नाही,
तेव्हा तीच ताट बडवत दारोदार जाते.
तिला कुठल्या रंगाची टाचणी लावू?

फागो दिघोरे सकाळपासून काठी टेकत मागे.
"माहा डोंगा लिवला काय?"
यादीत डोंगा नाही, मामा.
"मंग त्या साली सोळा मानसं, तीन शेळ्या
अन् हिची बारा दिवसांची बाळंतीण सून
कायच्यात नेली म्या? टाकीत?"

'इतर' निवडते. डोंगा, एक.
मोबाइल अक्षांश मागतो.
डोंगा आज या घाटाला, उद्या त्या.
मी फागोमामाच्या अंगणाचा देते.

ऊन कलले तेव्हा सातवा रकाना.
मामा, समुद्र किती लांब?
तो बांध्यांपलीकडे, नदी वळते तिकडे बघतो.
"म्या नाही पायला. पानी जाते तिथं.
किती दिवस लागते, थे पान्यालेच ठावं."

मोबाइल दिवस घेत नाही.
कुठला समुद्र, तेही विचारलेले नाही.
मी सहाशे लिहिते.
हिरवी खूण येते, 'धन्यवाद' येते,
नकाशावर आमचे गाव ठिपक्या-ठिपक्यांनी उमटते,
त्यात फागोच्या दारात एक डोंगा.

मान वर करते तर दार रिकामे, घाटही.
नातू घेऊन गेलाय पलीकडे,
गवताला.