तापल्यावर

गाडी नेहमी ट्रेलरवरूनच येते.
स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून इथल्या रस्त्यावर तिला मनाई.
शारजा, इंडस्ट्रियल एरिया, ऑगस्ट,
शटरसमोरची वाळू तेल पिऊन काळी.
मी आत बसतो आणि चौदा वर्षांनी
माझा डावा हात न विचारता गिअरवर जातो,
बरोबर जागेवर.

मायेद म्हणतो, ट्रॅकवर वीस मिनिटं घोडा,
मग मरते.
गार झाली की पुन्हा घोडा.
तीन गॅरेजं झाली. एकाने पेट्रोलचा पंप बदलला,
एकाने कॉइलं. तिसऱ्याने तिचा कॉम्प्युटरच काढून
दुसरा बसवला, आणि पैसे मोजून घेतल्यावर म्हणाला, सॉरी.

शेजारचा डेंटर झरीन खान हातोडी खाली न ठेवता ओरडतो,
तेहतीस वर्षांची म्हातारी आहे, सोड तिला!
मी विचारतो, तुझं वय किती?
तो पुन्हा पत्रा ठोकायला लागतो.

बॉनेट उघडलं.
व्हॅक्यूमच्या नळ्या मारी बिस्किटासारख्या.
कनेक्टरला नुसता अंगठा लावला तर त्याचा कान तुटून हातात.
जुन्या गाडीत एक दुखणं शोधायला जावं
तर दोन आपल्याच हातून होतात,
ती निस्तरण्यात सकाळ गेली.

दाराच्या कडेला एक स्टिकर आहे, निळ्या पेनाचा.
अक्षरं जपानी. मला आकडे तेवढे लागतात:
सत्त्याऐंशी हजार चारशे बारा.
तेल बदललं असेल. किंवा दुसरंच काही.
लिहिणाऱ्याचा सात मात्र देखणा,
डोक्याला छोटी आकडी असलेला.
घाई नव्हती त्या माणसाला.

टेकबहादूरने सलूनमधून केस वाळवायचा ड्रायर मागून आणला.
एकेका पार्टाला वेगळा ताप द्यायचा.
रिले तापवला, काही नाही.
इग्नायटर तापवला, काही नाही.
टेकबहादूर म्हणाला, उस्ताद, बाहेर सत्तेचाळीस आहे,
आणि आपण ड्रायर चालवतोय.

तेव्हा मला कुरुंदवाडचे तवनाप्पा मास्तर आठवले.
रेडिओ खरखरला की ते स्क्रूड्रायव्हर उलटा धरायचे,
आणि मुठीने टकटक करत सगळ्या सर्किटवरून जायचे,
हळू, कलिंगड पारखावं तसं.
म्हणायचे, त्याला काय विचारतोस, टिचकी मार.

इंजिन चालू ठेवून मी टकटक करत निघालो.
हवा मोजणाऱ्या सेन्सरवर मूठ पडली
आणि तिने उचकी दिली.
पुन्हा टक. पुन्हा उचकी.

झाकण सुरीने सोडवलं. भिंग डोळ्याला.
पिनेभोवती डाखाला गोल भेग,
केसाहून बारीक.
गार असताना मिटलेली, तापली की उघडणारी.
ओसाकाहून नवा सेन्सर यायला पंधरा दिवस,
आणि तोही तिच्याइतकाच जुना.
मी ज्वारीच्या दाण्याएवढा डाख दिला.
राळेचा धूर वर गेला, एवढंच.

मग भर दुपारी एकला
बॉनेट बंद करून तिला उभ्या जागी चालू ठेवली.
अठरा मिनिटं.
एकोणीस. झरीन खानची हातोडी थांबली.
वीस.
एकवीसला टेकबहादूर चहा आणायला गेला.
पंचेचाळीसला मीच बंद केली, पेट्रोल मायेदचं होतं.

मायेदने विचारलं, कुठला पार्ट बदलला?
म्हटलं, कुठलाच नाही.
त्याचा चेहरा पडला.
जुना पार्ट पिशवीत घालून न्यायची त्याला सवय झालेली.
दीडशे दिरहम लिहिले, त्याने दोनदा वाचले,
मग दोनशे ठेवून गेला, आणि तरीही नाराज.

ट्रेलर यायच्या आत मी त्या निळ्या स्टिकरखाली
एक कागद चिकटवला.
हवेच्या सेन्सरला डाख दिला. पुन्हा मेली तर आधी इथे टिचकी मारा.
हे मराठीत, दुसरं मला नीट येतं काय?
तारीख आणि किलोमीटर मात्र
कुणालाही लागतील अशा आकड्यांत.
सातवर घाम पडला. पुन्हा लिहिला.