बावीस गेज

लोहामंडीत आकडे उलटे चालतात:
सोळा जाड, बावीस पातळ.
नवं पोर जाड पत्रा हवा म्हणून चोवीस मागतं
आणि डब्याचं झाकण घेऊन येतं.
मीही आणलं होतं, दहावीच्या सुट्टीत.
बाबा हसले नाहीत. "परत जा."
सायकलवर, भर मेमध्ये,
मांडीला चटके देणारा पत्रा कॅरियरला मावेना म्हणून पुढ्यात घेऊन.

आज दुकानात रेठरेकर बाईंची मारुती आहे,
शहाऐंशीची, दुधी.
मागच्या सीटला हार्मोनियमच्या पेटीने पाडलेला खड्डा.
"चालवताना पायाला वारा लागतो," बाई म्हणतात,
"आणि जाडच टाक गं, पुन्हा यायला नको."
सगळे हेच म्हणतात.
जाड म्हणजे भक्कम, हे जणू बाळकडूतच मिळतं.

मी व्हर्नियर काढते.
रंगावरून मोजायचं नाही. लांबी भरली असेल तिथे नाही.
गंजावर तर मुळीच नाही;
गंज खोटं बोलतो, मेलेलं लोखंड फुगवून दाखवतो.
दाराच्या आतल्या घडीत,
जिथे कारखान्यानंतर कुणाचा हात गेला नाही,
तिथे चमक येईस्तोवर खरवडायचं
आणि जबडे अलगद मिटायचे.
पाऊण मिलीमीटर, केसभर कमीच.
म्हणजे बावीस.

मग रबरी चटई उचलली.

क्लचखाली एक ठिगळ, ताटाएवढं.
त्याला काही झालेलं नाही.
त्याच्या तिन्ही बाजूंनी मूळ पत्रा फाटलाय,
शिवणीपासून एक सूत सोडून, कात्रीने कापावा तसा.
देवास नाक्याच्या प्रत्येक खड्ड्यात गाडी लचकली,
ठिगळ लचकलं नाही,
मग शेजाऱ्यालाच दोघांच्या वाटचं लचकावं लागलं.

शिवण मी ओळखली.
गॅसची, डावीकडून उजवीकडे,
शेवटी जराशी वर उचललेली,
बिलावरच्या सहीतल्या वेलांटीसारखी.

मी चटई परत टाकली.
रईस मिस्त्री सिलिंडरचा काटा वाचू लागला,
एवढा वेळ वाचण्यासारखं त्यात काय असतं.

पण बाबा उठलेच टायरवरून,
मोतीबिंदूचा काळा चष्मा तसाच.
गुडघ्यांवर बसले, चटई बाजूला केली,
अंगठा ठिगळावरून फिरवला,
कडेवरून खाली घसरू दिला.
"सोळा."
"हो."
"अँबेसेडर असती तर..."
आणि थांबले.
त्या हाताला पहिली वीस वर्षं अँबेसेडरच मिळाल्या.
ठोकलं की ठोकणाऱ्याचं मनगट दुखायचं.

"मला वाटलं, हलकी गाडी आहे बिचारी," ते म्हणाले,
"जरा जास्त द्यावं."

कापताना ठिगळाने ग्राइंडरच्या दोन चकत्या खाल्ल्या.
बावीसचा तुकडा मी उचलला तर तो वाजला.
"वाजतोय," बाबा म्हणाले.
"वाजू दे."
रईसने करंट उतरवला.
एक टाका इथे, दुसरा समोर, तिसरा पार कोपऱ्यात,
मध्ये थांबायचं.
घाई झाली की पत्रा पापडासारखा उठतो.
थांबण्याचं काम बाबांनी घेतलं.
तळहात पत्र्याजवळ धरून बसले,
निवला की मान हलवायचे.
तासाचं काम, दिवेलागणीपर्यंत चाललं.

जुनं ठिगळ आता दुकानाच्या तोंडाशी आहे,
नालीवरची फरशी फुटून चार बोटांची फट पडली होती, तिथे.
बाबांनीच टाकलं, कुणाला न विचारता.
बाई निघाल्या, पहिल्या गिअरमध्ये, हळू,
आधी पुढचं चाक त्याच्यावरून गेलं, मग मागचं.
वाजलं नाही.