निळ्या दाराची चावी

चॅपलची चावी माझ्याकडे असते.
दारावर मेयरच्या कचेरीनं कागद चिकटवलाय:
चावी समोरच्या निळ्या घरात. जेवणाच्या वेळी नको.
लोक नेमके जेवणाच्या वेळीच येतात.
पाठीवर पिशव्या, हातात काठ्या, पोटऱ्यांपर्यंत चिखल,
झाडांवरचे लाल-पांढरे पट्टे शोधत डोंगर उतरलेले.
मी काटा खाली ठेवते. ऑम्लेट गार होतं.

चावी वीतभर लांब, लोखंडी.
उजवीकडे दोनदा फिरवायची,
मग दाराला खांदा द्यायचा.
चावी कुणालाही देता येईल,
खांदा कसा देणार? म्हणून मीच जाते.

आत गेल्यावर माझं ठरलेलं:
ही कमान आठशे वर्षांची,
हा दगडी सरदार, नाक क्रांतीत गेलं,
पायाशी कुत्रा; कुत्र्याचं नाक शाबूत.
इथं लोक हसतात. दरवेळी इथंच.
सरदाराचं नाव कुणालाच माहीत नाही.
मी मनातल्या मनात त्याला फेर्नां म्हणते.
माझा फेर्नांही असाच उताणा झोपायचा,
आणि आमचा कुत्रा त्याच्या पायांवर.

गावात अजून काय आहे, विचारतात.
बुरुज आहे, अर्धा. उरलेला अर्धा
गावातल्या गोठ्यांच्या भिंतींत आहे.
धुण्याचं कुंड आहे, वर कौलं, उतरते दगड.
त्यातला तिसरा दगड आईचा, लेओंतीनचा.
तिथं गुडघे टेकून बायकांनी
कपड्यांबरोबर अख्ख्या मोंत्रेलाकची धुणी धुतली.
आता लोइक तिथं कयाकमधला गाळ धुतो.
खाली अक्रोडांच्या सावलीत त्याचा तळ,
तासाला बारा युरो, जाकीट फुकट.

जुलैत एकदा गारा आल्या.
अक्रोडाएवढ्या म्हणत नाही,
पण माझी टोमॅटोची रोपं आडवी झाली.
आणि दारावर धपाधपा थापा:
"चावी! मादाम गिस्लेन, चावी!"
लोइक, आणि मागं अकरा माणसं,
नारिंगी जाकिटांत, ओठ काळेनिळे,
एका मुलीच्या एकाच पायात चप्पल.

कमान कुणी पाहिली नाही.
मीही काही सांगितलं नाही.
बाकांवर दाटीवाटीनं बसली सगळी,
फरशीवर नदीचं पाणी ठिबकत राहिलं,
ती मुलगी सरदाराच्या कुत्र्याला टेकून
त्याच्याच कानात काही पुटपुटत होती.
मी घरातून टॉवेल आणले, चादरी आणल्या,
फेर्नांचा कोटसुद्धा आणला.
तो एका डच म्हाताऱ्याला अगदी बरोबर बसला.
मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले.

बाकं शेवटची भरली होती
ती फेर्नांला नेलं त्या दिवशी.
तेव्हाही कुणी कमान पाहिली नव्हती.

सप्टेंबरात लोइक म्हणाला, तुमची फेरी बाकी आहे.
अठ्ठ्याहत्तर वर्षं या नदीकाठी,
पोहता येत नाही, नावेत पाय नाही.
आम्हाला नदी म्हणजे पूर आणि कपडे.
जाकीट चढवलं. बंद लागेनात,
त्यानं श्वास सोडायला लावून लावले.

काठावरचे सगळे आवाज मागं राहिले.
वल्ह्यावरून थेंब पडत होते, तेवढंच.
वळणावर तो म्हणाला, वर बघा.
बुरुज, खाली आमची कौलं,
आणि कड्याच्या अगदी टोकाला
चॅपल, एवढंसं,
मुठीत मावेल असं.

मी खिसा चाचपला.
चावी होतीच. सवयीनं घेऊन आलेले.
म्हणजे आत्ता कुणी जर
निळ्या दारावर थाप मारत असेल,
चिखलाच्या पोटऱ्यांनी, जेवणाच्या वेळी,
तर त्याला जरा थांबावं लागेल.

"परत फिरायचं?" लोइकनं विचारलं.
मी म्हटलं, त्या पुढच्या वळणापलीकडे काय आहे?