अकराशे एकतिसावा गुरुवार

आधी खिडकीवरची रजई काढली.
बावीस वर्षं ती तिथे होती, चार खिळ्यांवर,
बोरा वाऱ्याची शीळ रेकॉर्डिंगमध्ये शिरू नये म्हणून.
तिच्यामागे समुद्र आहे हे मी जवळजवळ विसरलेच होते.
काच खारवलेली. पलीकडे एक क्रेन,
तिलाही आता कुणी हाक मारत नाही.

त्रिएस्तेत कॉफीबद्दल बोलायचं
म्हणजे माशाच्या पोराला पोहायला शिकवायचं.
तरी दर गुरुवारी बोलले:
सांतोसहून किती पोती सुटली,
कुठल्या गोदामाला ओल धरली,
कोण कुणाचं देणं लागतो
(नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल असं).
दोन पानांचं पत्रक आणि अर्ध्या तासाच्या गप्पा.
पत्रक मी लिहायचे. गप्पा लोकच मारायचे,
मी मधूनमधून फक्त म्हणायचे, "मग?"

कपाटात सिल्वानोचा आवाज आहे.
जुन्या बंदरात तो तोलाईला होता,
पोत्याला नुसता खांदा लावून वजन सांगायचा,
काटा नंतर त्याच्याशी सहमत व्हायचा.
त्या मुलाखतीत तो एकदा खोकतो, लांबलचक.
मी तो खोकला कापणार होते.
वेळ झाला नाही, राहून गेला.
आता ओंडिना, त्याची बायको, वर्षातून एकदा जिने चढून येते
आणि म्हणते, तेवढंच लाव.

आणि एका अंकात एक शून्य जास्त पडलं.
तुल्लियो बाबिचने त्या भरवशावर सौदा केला.
घर वाचलं, बोट गेली.
पुढच्या गुरुवारी मी चूक दुरुस्त केली,
तळाशी, बारीक टायपात.
तेव्हापासून अकरा वर्षं
मी दिसले की तो फुटपाथ बदलायचा.

आज सकाळी तोच दारात, खांद्यावर पट्टे.
"तिसऱ्या मजल्यावरून कपाट एकटी कशी उतरवशील?" एवढंच.
वळणावर कपाट अडकलं. त्याने शिवी हासडली, कपाटाला.
वाटलं, आता बोलेल.
वाटलं, मीच बोलेन.
खाली पोचल्यावर त्याने मान पुसली
आणि विचारलं, "कॉफी घेतेस?"

इतक्या वर्षांत कुठेच बोलले नाही ते हे:
सहा वर्षं झाली, मी कॉफीचा एक घोट गिळलेला नाही.
छातीत धडधडायचं. डॉक्टरीण म्हणाली, बंद.
कुणाच्या लक्षात आलं नाही, येणार तरी कसं?
आमच्यात चमचाभर सुर्रकन ओढायची,
जिभेवर फिरवायची, पिकदाणीत थुंकायची.
गिळतं ते गिऱ्हाईक.
घरी मी भाजलेल्या जवाचं पाणी प्यायचे,
त्याच कपातून, तितक्याच रुबाबात.

"घेते," म्हणाले.
कोपऱ्यावरच्या बारमध्ये, उभ्याउभ्याच.
जरा जास्त भाजलेली, रोबुस्टा निम्म्याच्या वर,
शेवटाला किंचित रबर.
जीभ आपलं पत्रक लिहायला बसलीच होती.
गिळली.
तुल्लियो माझ्याकडे नाही, दाराकडे बघत होता.
पैसे त्याने दिले.

सोमवारपासून मुज्जाच्या बोटखान्यात जायचं आहे.
येर्नेय नावाचा सव्वीस वर्षांचा पोरगा
मला रंधा धरायला शिकवणार,
रेषेच्या उलट हात गेला की ओरडणार.
लोक विचारतात, त्यावर काही सुरू करशील ना?
एक ओळसुद्धा नाही.

किल्ली द्यायला पुन्हा वर गेले.
खोलीत चार खिळे, आणि भिंतीवर रजईएवढी
रंग न उडालेली चौकट.
फटीतून बोरा आत आला, शीळ घालत,
बावीस वर्षं तुंबलेलं एकदम सांगत.
मी उंबऱ्यात थांबले,
आणि सवयीने म्हणून गेले,
"मग?"