परवाची तारीख

हिल्का बॅटऱ्या काढते. कुहमोत दुसरं कुणी काढत नाही.
शाळेचे अकरा कॉम्प्युटर, ग्रंथालयाचे दोन,
दंतवैद्याच्या माळ्यावरचा एक, दातासारखाच पिवळा पडलेला.
सगळ्यांच्या पोटात तीच निळी नळकांडी,
करंगळीच्या पेराएवढी,
वीज गेली तरी वेळ धरून बसणारी.

उशीर झालेले तिने पाहिलेत.
झाकण उघडताच मासळीचा वास,
तांब्याच्या रेघांवर मोरचूद चढलेलं,
कल्हई उडालेल्या पातेल्यासारखी कळकलेली पाटी.
मग व्हिनेगर, मग दातांचा जुना ब्रश,
मग जिथे रेघ खाल्ली गेली तिथे केसाएवढी तार
आणि डाख देताना रोखलेला श्वास.
कधी जमतं.
अकरापैकी चार जमले.

आर्मासचा चालतो.
लाकडाची गिरणी बंद झाली त्या संध्याकाळी
त्याने तो बर्फावरच्या ढकलगाडीवर बांधून घरी आणला
आणि सौनाच्या बाहेरच्या खोलीत ठेवला,
टॉवेलांच्या शेजारी, सगळ्यात दमट जागी.
त्यात अजून ओंडक्यांचा हिशेब आहे:
चीड इतके, भूर्ज इतके, किडके वेगळे.
"चालतंय त्याला हात कशाला?"
तीन हिवाळे हेच म्हणतोय.

चौथ्या मार्चमध्ये ती विचारतच नाही.
आकडे कागदावर उतरवून घेते, पाटी विसरली तर असावेत म्हणून.
चार स्क्रू. पाचवा लेबलाखाली लपलेला.
आणि आत
काही नाही.
नळकांडी कोरडी ठाक.
एका टोकाला मिठाच्या कणाएवढं पांढरं,
तेही नखाने उडालं.

"बघ," आर्मास म्हणतो, "म्हटलं नव्हतं?"

यावर हिल्काकडे उत्तर नसतं.
जे झालं असतं ते दाखवता येत नाही.
उशिराच्या गोष्टी ती रात्रभर सांगेल,
वेळेवर पोचल्याची गोष्ट एवढीच:
पक्कड, कट्, कापसाचा एक बोळा.

जुनी त्याला परत हवी. माझी आहे, म्हणतो.
मग मुरंब्याची रिकामी बरणी, झाकण घट्ट,
वर पट्टी: उघडू नये.
नवी आता लांब तारेच्या टोकाला, पाटीपासून दूर,
नको त्या पाहुण्याला ओसरीवरच बसवावं तशी;
काय सांडायचं ते तिथे सांड.

यंत्र सुरू होतं. आधी विचारतं: तारीख?
आर्मासला चष्मा सापडत नाही.
हिल्काचा फोन गाडीत, थंडीने मेलेला.
वर्ष तेवढं दोघांना ठाऊक.
खिडकीत दुधाचं खोकं. त्यावरची तारीख ती मोठ्याने वाचते,
तो एका बोटाने दाबतो,
आणि ओंडके पडद्यावर उतरतात, मोजलेले, सगळे.

तळ्याच्या वळणावर तिला उमगतं:
ती दूध नासायची तारीख होती. परवाची.
ब्रेकवर पाय जातो.
मग उचलते.