निदान एक तास

प्रश्न अकरावा मी वाचून दाखवते:
गेल्या आठवड्यात निदान एक तास
मोबदल्यासाठी काम केलंत?
झुझुना हसते. हात कोपरापर्यंत द्राक्षरसाच्या खळीत.
दोऱ्यात ओवलेले अक्रोड
बुडवते, वर काढते, बुडवते.
विकता?
नाही गं, लेकीला पाठवायचे, इटलीत.
ती तिथे कुणा म्हातारीला न्हाऊमाखू घालते,
पगारावर.
आतल्या खोलीत सासरे खोकतात.
त्यांना कोण न्हाऊ घालतं
हा प्रश्न माझ्याकडे नाही.

श्रमशक्तीबाहेर.
मी टिचकी मारते, टॅबलेट टिक करतो,
बशीवर चमचा आपटावा तसा.

आता ओतारी, तिचा नवरा. ट्रकच्या कारखान्यातला वेल्डर.
गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंत?
मार्चमध्ये मी आले तेव्हा शोधत होता,
म्हणून बेरोजगारांत होता,
दशांश चिन्हाच्या पलीकडे कुठेतरी, पण होता.
"कुणाला विचारू?" तो म्हणतो.
"कुताइसीतली दारं संपली."
पर्याय दोनच: होय, नाही.

नाही.
म्हणजे एक बेरोजगार कमी झाला.
तिबिलिसीत कुणीतरी रेघ केसभर खाली ओढेल,
आणि ती रेघ बातम्यांत छान दिसेल.
मलाही माझा पगार त्या रेघेतूनच येतो,
तीन महिन्यांच्या करारावर.

चप्पल घालताना झुझुना तुळईवरची
एक वाळलेली माळ उतरवते,
वर्तमानपत्रात गुंडाळते.
नको, नियमात बसत नाही, मी म्हणते.
घे गं, ती म्हणते,
गेल्या आठवड्यातलीच आहे.